एक जोडणी, तीन पत्ते: फोंड्यातल्या एका घरातलं नेट

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं, कुळागराला, म्हणजे नारळ-पोफळींच्या बागेला, लागून असलेलं एकत्र कुटुंबाचं घर. फायबरची एकच जोडणी, थोरल्या काकांच्या नावावर, १०० एमबीपीएसची. तिच्यावर चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, टीव्ही, दोन कॅमेरे आणि माणशी एक मोबाइल. हेल्पलाइनवर तक्रार केली की ठरलेलं उत्तर यायचं: वापर वाढलाय, मोठा प्लॅन घ्या. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली होती. मुंबई-पुण्याहून माणसं येणार होती आणि त्यातल्या दोघांना सुट्टी नसल्यानं ती इथूनच काम करणार होती. त्यामुळे मोठा प्लॅन घ्यायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. त्याआधी एकदा कुणीतरी बघून जावं म्हणून मला बोलावलं.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण इथे जे सापडलं ते आपल्याकडच्या जुन्या घरांत वरचेवर दिसतं. बाहेरून येणारं नेट ठणठणीत असतं. बिघडलेली असते ती घरातली वाटणी. आणि पैसे मात्र बाहेरच्या नेटवर वाढत राहतात.

घर आणि तक्रारी

घर चिऱ्याचं. बाहेरच्या भिंती दीड फूट जाड, आतल्याही फार कमी नाहीत. मधे राजांगण, त्याच्या चारी बाजूंनी खोल्या, पुढच्या अंगाला माडी. फायबर रस्त्यावरच्या खांबावरून थेट दिवाणखान्यात आलेली आणि तिचा मोडेम टीव्हीमागच्या कपाटात ठेवलेला. शेजारच्या खोलीत काकांचा डेस्कटॉप. काका आसपासच्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची रिटर्न्स बघतात, टॅलीचा सगळा डेटा याच मशीनवर. मागल्या खोलीत त्यांचा मदतनीस बसतो, तो आपल्या लॅपटॉपवरून तोच डेटा उघडतो. माडीवर सूनबाई संध्याकाळी गणिताची ऑनलाइन शिकवणी घेतात. घरामागे पोफळींतून चाळीसेक मीटर गेलं की मांगर. पूर्वी तिथे नारळ-सुपारी पडलेली असायची. पुतण्यानं तो नीट करून घेतला आणि पुण्यातल्या कंपनीचं काम तो तिथूनच करतो.

«नेट स्लो आहे» या तीन शब्दांवरून काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येकाला वेगळं विचारलं. मदतनीस म्हणाला, टॅली कधी उघडतं कधी नाही, लॅपटॉप बंद करून चालू केला की बहुतेक वेळा उघडतं. सूनबाई म्हणाल्या, आठच्या सुमारास वर्ग मधूनच तुटतो, आणि तुटत नाही तेव्हा आवाज तुकड्या-तुकड्यांनी येतो. पुतण्याची तक्रार होती की पावसाळा सुरू झाल्यापासून मांगरात वायफायच्या सगळ्या कांड्या दिसतात, पण «इंटरनेट नाही» असं येतं, पुन्हा जोडलं की येतं. काकांची स्वतःची काहीच तक्रार नव्हती. त्यांचा डेस्कटॉप केबलनं मोडेमला जोडलेला होता.

या शेवटच्या गोष्टीतच अर्धं उत्तर होतं. एकाच जोडणीवर एकाला काहीच त्रास नाही आणि तिघांना तीन वेगवेगळे त्रास, म्हणजे दोष जोडणीच्या पुढे, घरात आहे.

तरीही आधी मोजून घेतलं. लॅपटॉप केबलनं थेट मोडेमला लावला, बाकी सगळ्यांचं नेट थोडा वेळ बंद ठेवलं. डाउनलोड ९४, अपलोड १९, पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारा वेळ, ७ मिलिसेकंद. ९४ हा आकडा ओळखीचा आहे: १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून टेस्टमध्ये साधारण एवढंच दिसतं. या प्लॅनमध्ये अपलोड २० चाच होता. काही प्लॅनमध्ये दोन्ही बाजू सारख्या असतात, इथे नव्हत्या. म्हणजे कंपनी ज्याचे पैसे घेत होती ते पूर्ण देत होती.

तीन पत्ते

मग प्रत्येक कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग चालवलं, म्हणजे त्या मशीनला नेटवर्कवर मिळालेला आयपी पत्ता दाखवणारी आज्ञा. माझ्या मते घरातल्या नेटच्या तपासणीत याहून उपयोगी दुसरी गोष्ट नाही. स्पीड टेस्ट फक्त वेग सांगते. हा पत्ता सांगतो की ते मशीन नेमकं कुणाकडून नेट घेतंय.

काकांच्या डेस्कटॉपवर १९२.१६८.१.५. माडीवरच्या लॅपटॉपवर १९२.१६८.१३७.२४. मांगरात १९२.१६८.०.१०२. मदतनीसाच्या लॅपटॉपवर त्या वेळी १९२.१६८.१ चा पत्ता होता. वायफाय बंद करून पुन्हा जोडलं, तर १९२.१६८.० चा आला आणि टॅली उघडेना.

इथे थोडं मागे जायला हवं. आयपीचा जुना पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकातच दिसलं होतं. म्हणून १९९४ मध्ये नॅटची पद्धत मांडली गेली: बाहेर एकच खरा पत्ता, आत प्रत्येक मशीनला खासगी पत्ता, आणि मधलं यंत्र कुणाची मागणी कुणाला परत द्यायची याची नोंद ठेवतं. १९९६ मध्ये खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीन गट राखून ठेवले, त्यातला घराघरांत दिसणारा गट १९२.१६८ चा. घरातली सगळी वाटणी या दोन गोष्टींवर उभी आहे. पत्ते वाटायचं काम डीएचसीपी करतं, आणि एका घरात ते एकाच यंत्रानं करायचं असतं. एकाच वाड्यावर दोन पोस्टमननी घरांना आपापले नंबर लावले तर पत्र कुठे जाईल याचा नेम नाही. या घरात पत्ते देणारे तिघे होते: मोडेम, मांगरातला राउटर आणि काकांचा डेस्कटॉप.

डेस्कटॉपची गोष्ट आधी. टेलिफोनच्या लाइनवर ब्रॉडबँड होतं त्या काळात बऱ्याच घरांत राउटर नसायचाच. मोडेम एका कॉम्प्युटरला जोडायचा आणि तोच इतरांना नेट द्यायचा. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९९ मध्ये, ही इंटरनेट कनेक्शन शेअरिंगची सोय पहिल्यांदा आली, आणि तेव्हा ती फार मोलाची होती. आताच्या विंडोजमधला मोबाइल हॉटस्पॉट त्याच सोयीवर चालतो, आणि तो वाटतो ते पत्ते १९२.१६८.१३७ चे. म्हणून माडीवरचा पत्ता दिसल्यावर शोधायला लागलंच नाही. मोडेमचं वायफाय दोन चिरेबंदी भिंती ओलांडून माडीवर नीट पोहोचत नव्हतं, तेव्हा डेस्कटॉपला वायफायचा डोंगल लावून कुणीतरी हॉटस्पॉट चालू करून दिला होता. डेस्कटॉप बरोबर माडीच्या खाली, वरची तक्तपोशी लाकडी. सिग्नल छान यायचा.

«काका, संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करता का?»

«करतो ना. आठला जेवायला उठलो की बंद. उगाच वीज कशाला जाळायची?»

सूनबाई दारातच उभ्या होत्या. «बाबा, आठलाच तर माझा वर्ग तुटतो,» एवढंच त्या म्हणाल्या.

काकांचं काहीच चुकत नव्हतं. मशीन बंद करणं हा त्यांचा हक्क. चूक ही, की एका माणसाच्या कामाच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याच्या कामाचं नेट टांगलेलं होतं. आजच्या घरात ही वाटणी प्रवासात किंवा तासाभराच्या अडचणीत ठीक. कायमची ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डेस्कटॉप झोपला, अपडेटसाठी रीस्टार्ट झाला, डोंगल सैल झाला, की मागचे सगळे अंधारात.

वीज कोसळली तेव्हा

मांगराचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. घरातून मांगरापर्यंत तांब्याची नेटवर्क केबल पोफळींना बांधून उघड्यावरून नेलेली होती. मे-जूनमध्ये आपल्याकडे विजांचा कडकडाट असतोच. पुतण्याला तो दिवस आठवत होता: जवळच वीज पडली आणि राउटरचा निळा पोर्ट, म्हणजे जिथे बाहेरचं नेट लावतात तो, मेला. वायरमननं केबल काढून शेजारच्या पिवळ्या पोर्टमध्ये घातली. नेट आलं. सगळे खूश.

राउटरला आतलं आणि बाहेरचं अशा दोन बाजू असतात. निळ्या पोर्टात केबल असेतो मांगराचं नेटवर्क वेगळं होतं, त्याचे पत्ते त्याच्यापुरते. पिवळ्या पोर्टात केबल गेल्याबरोबर मांगर आणि घर एकच नेटवर्क झालं. पण राउटरमधलं पत्ते वाटायचं काम चालूच राहिलं. आता घरातलं कुठलंही मशीन नव्यानं पत्ता मागायला लागलं की मोडेम आणि मांगरातला राउटर दोघंही उत्तर देणार, आणि ज्याचं आधी पोहोचेल ते खरं. मोडेमचं आधी आलं तर सगळं सुरळीत. राउटरचं आधी आलं तर पत्ता १९२.१६८.० चा, आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, म्हणून तोच राउटर, ज्याच्याकडे बाहेरचं नेटच नाही. वायफायच्या कांड्या पूर्ण, इंटरनेट शून्य. मदतनीसाचा लॅपटॉप या गटात गेला की डेस्कटॉप त्याच्या दृष्टीनं दुसऱ्याच गावात, म्हणून टॅली उघडत नव्हतं. रीस्टार्ट केल्यावर नशीब बदलायचं, म्हणून सगळ्यांना वाटायचं की यंत्रच लहरी आहे.

वायरमननं केलेलं काम वाईट नव्हतं. उलट, मेलेल्या पोर्टचा राउटर वापरायची तीच योग्य पद्धत. फक्त एक गोष्ट राहिली: त्या राउटरमधलं डीएचसीपी बंद करणं. सेटिंगमधली एक खूण काढायची राहिली आणि दोन-अडीच महिने सगळं घर त्रासलं.

ही खूण काढताना क्रम महत्त्वाचा. आधी राउटरचा स्वतःचा पत्ता मुख्य गटात आणायचा, इथे १९२.१६८.१.३ केला, आणि मगच डीएचसीपी बंद करायचं. उलट केलं तर राउटर जुन्याच पत्त्यावर राहतो, तुमच्या लॅपटॉपला त्या गटातला पत्ता मिळत नाही, आणि त्याच्या सेटिंगमध्ये परत शिरायला हातानं पत्ता घालत बसावं लागतं.

तरीही आवाज तुटतो

हॉटस्पॉट बंद केला, माडीला स्वतंत्र केबल नेऊन वायफायचा डबा बसवला, पत्ते वाटणारा एकच ठेवला. टॅली सुधारलं, मांगर सुधारला. शिकवणी आठला तुटायची थांबली. पण सातनंतर आवाज मधूनमधून तुकड्यांनी येतच राहिला, आणि माझ्या दृष्टीनं या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच.

सूनबाईंच्या लॅपटॉपवर एका खिडकीत सतत पिंग चालू ठेवला. दुपारी आकडे ७, ८, ७, ९. सातनंतर तेच आकडे ६०, २१०, ३८०, मधे एखादा ‹रिक्वेस्ट टाइम्ड आउट›, मग पुन्हा ३५०. त्याच वेळी डाउनलोड मात्र ८० च्या वर. म्हणजे नेट जोरात आणि तरी बोलणं अशक्य.

कारण अपलोडमध्ये होतं. सातला मदतनीस दिवसभराच्या टॅलीचा बॅकअप क्लाउडवर चढवून घरी जायचा. कॅमेरे चोवीस तास चित्र वर पाठवतच होते. आणि त्याच सुमारास घरची माणसं परतायची. मोबाइल वायफायला लागले की दिवसभरातले फोटो-व्हिडिओ आपोआप चढायला लागायचे. अपलोडची २० ची वाट भरून जायची. भरल्यावर मोडेम काय करतो? जास्तीचे पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, टाकून न देता आपल्या मेमरीत साठवतो, एकामागे एक. शिकवणीचा आवाज म्हणजे सेकंदाला साधारण १०० किलोबिट, काहीच नाही. पण तोही त्याच रांगेच्या शेवटी उभा राहतो आणि विचारलेला प्रश्न विद्यार्थ्याला अडखळत ऐकू येतो. बोलण्यात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. प्रोग्रामर जिम गेटिस यांनी २०११ च्या सुमारास ते जगापुढे मांडलं. २०१२ मध्ये नेटवर्कचे अभ्यासक कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग फुगू न देणारी कोडेल ही पद्धत दिली, आणि तिचंच पुढचं रूप, एफक्यू-कोडेल, २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झालं. त्यात प्रत्येक संभाषणाची रांग वेगळी ठेवतात, त्यामुळे बॅकअपच्या ढिगाऱ्यामागे आवाजाला ताटकळावं लागत नाही.

आता मोठ्या प्लॅनचा विचार करा. हेल्पलाइननं सुचवलेल्या प्लॅनमध्ये डाउनलोड दुप्पट होता, अपलोड तेवढाच. महिन्याला जास्त पैसे भरून या घरातली एकही तक्रार मिटली नसती. हे मला मनापासून खटकतं, कारण प्लॅन विकणारा नेहमी डाउनलोडचाच आकडा सांगतो, आणि शिकवणी, ऑफिसची मीटिंग, बॅकअप यांची गाडी अडते ती अपलोडवर.

काय केलं

कंपनीला सांगून मोडेम ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे त्यानं फक्त फायबर आणि केबल जोडायची. लॉगिन, पत्ते, वाटणी, सगळं एका नव्या राउटरकडे, ज्यात एफक्यू-कोडेल चालतं. त्यात अपलोडची मर्यादा मुद्दाम १७ ठेवली. खऱ्या वाटेपेक्षा थोडी कमी, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता राउटरमध्ये लागते, जिथे तिला शिस्त आहे. तीन एमबीपीएस मुद्दाम सोडून देणं घरच्यांना सुरुवातीला पटेना. संध्याकाळचा पिंग पूर्ण भाराखाली ३० च्या आत राहिलेला पाहिल्यावर पटलं.

राउटर कपाटातून बाहेर काढून राजांगणाकडच्या वसरीच्या खांबावर उंच लावला. चिऱ्याची भिंत वायफाय गिळते, त्यात पावसात ओल धरलेला चिरा तर फारच. पण राजांगण उघडं आहे आणि सगळ्या खोल्यांची दारं-खिडक्या त्याच्याकडे उघडतात. भिंतीतून ढकलण्यापेक्षा दारातून आत जाऊ द्यावं. आपल्या जुन्या घरांत राउटरला याहून चांगली जागा नाही, फक्त पावसाचे शिंतोडे लागणार नाहीत एवढं बघायचं. वसरी, माडी आणि मांगर अशा तिन्ही डब्यांना २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे चॅनल वाटून दिले. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. नाव आणि पासवर्ड सगळीकडे एकच.

मांगराची तांब्याची केबल काढूनच टाकली. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांबं नेलं की जवळ पडलेल्या विजेचा झटका दोन्ही टोकांच्या यंत्रांना बसतो. शंभर मीटरपर्यंत तांब्याची केबल चालते हे खरं, पण प्रश्न अंतराचा नव्हताच. तिच्या जागी फायबर, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल यांना जोडणारा डबा. फायबर घेताना एक बघितलं: बऱ्याच केबलमध्ये ताणासाठी पोलादी तार असते, ती असेल तर पुन्हा धातू आलाच. म्हणून फायबरग्लासच्या काडीची घेतली आणि कुळागरातल्या पाटाच्या कडेनं जाड पाइपातून पुरून नेली. विजेच्या लाइनवरून येणारा झटका वेगळाच, त्यासाठी मांगराच्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घेतलं. ते सैल निघालं.

डेस्कटॉप आणि प्रिंटर यांना राउटरमध्ये कायमचे पत्ते राखून दिले. टॅलीचं फोल्डर ‹एव्हरीवन› ला उघडं होतं, ते काका आणि मदतनीस या दोन खात्यांपुरतं केलं. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढलं, ज्यातून फक्त इंटरनेट मिळतं, घरातली मशीनं दिसत नाहीत. हे चवथीसाठी महत्त्वाचं होतं. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट, बांधायला आलेल्या शेजारच्या मुलांपासून सगळ्यांना पासवर्ड हवा असतो आणि नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये. पण दुकानदारांचे हिशेब ज्या नेटवर्कवर आहेत त्यावर ते फोन नकोत.

पुतण्याची एक मागणी पुरी झाली नाही. पुण्याला ऑफिसात असताना मांगरातल्या मशीनमध्ये थेट शिरायचं होतं, त्यासाठी त्यानं पोर्ट फॉरवर्डिंगही, म्हणजे बाहेरून येणारी मागणी ठरावीक मशीनकडे वळवायची सेटिंग, करून पाहिलं होतं. नव्या राउटरवर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला तर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या गटातला. हा गट २०१२ पासून कंपन्यांच्या आतल्या नॅटसाठी राखलेला आहे. म्हणजे कंपनीच मुळात एक खरा पत्ता अनेक घरांत वाटतेय, आणि बाहेरून कुणी थेट आत येऊच शकत नाही. घरात कितीही पोर्ट उघडा. थेट शिरायचे सरळ उपाय दोन: पैसे भरून स्थिर पत्ता घेणं, किंवा कंपनी आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी, लांब पद्धत, देत असेल तर त्यावरून जाणं. तूर्त तो ऑफिसच्या व्हीपीएनवर, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीवर, भागवतो.

चवथीच्या पाच दिवसांत घरात एकावेळी वीसेक फोन होते. पहिल्या दिवशी आरती सुरू असताना अर्धा डझन व्हिडिओ एकदम चढत होते आणि मागल्या खोलीत मुंबईच्या जावयांची मीटिंग चालू होती. ती तुटली नाही. प्लॅन तोच, १०० चा. एक गोष्ट अजून बाकी आहे: वीज गेली की घर इन्व्हर्टरवर चालतं, पण मांगराच्या टोकाचा कन्व्हर्टर त्या लाइनवर नाही, त्यामुळे मांगराचं नेट जातं. तिथे १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बसवायचा आहे, तो पुतण्यानं मागवलाय. आणि नूतनीकरणाच्या वेळी काका कंपनीला एकच प्रश्न विचारणार आहेत: अपलोड किती?